न फोडलेलं मडकं

तुम्ही ते मडकं फोडायला हवं होतं.

इतकी वर्षं तुम्ही दारूबंदीवाले आमच्या भागातली मडकी फोडत आलात. काठीनं फोडलीत, बुटानं फोडलीत, आमच्याच जात्याच्या दगडावर आपटून फोडलीत. त्याबद्दल आज मला एक शब्द काढायचा नाही. एकदाच एका बाईनं हात जोडून स्वतःच्या तोंडानं सांगितलं, फोडा. आणि नेमका त्याच दिवशी तुमच्या माणसांना कंटाळा आला. रूपचंद मेला तो त्या कंटाळ्यानं. तुमच्या कागदावर काही वेगळं लिहिलं आहे, पण त्या कागदाला कशाकशाची सवय आहे ते इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणून घडलं तसं सांगतो. खुर्चीवर नीट बसा आणि ऐका.

चिंचपाड्याहून पुढं डोंगर चढत गुजरातच्या हद्दीला भिडतो, त्या वाटेवर सोनीबाईचा पाडा. चाळीसेक घरं. त्यातली निम्मी रविवारी चर्चला जातात, ती मोहाला शिवत नाहीत. उरलेल्या निम्म्यांच्या घरी लग्न असो, मयत असो की शेतात पहिलं बी पडायचं असो, धार घातल्याशिवाय काम पुढं सरकत नाही. मोहाची घरी काढलेली दारू पळसाच्या द्रोणातून जमिनीवर सोडायची आणि गेलेल्यांची नावं घ्यायची, ती धार. प्रत्येक घर आपली आपण काढतं. पण मडकं कसं धुवावं हे शिकायला अख्ख्या पाड्याच्या बायका सोनीबाईकडं यायच्या. तिच्या हातची पिऊन कुणाचं डोकं कधी दुखलं नव्हतं, आणि कारण विचारलं तर ती म्हणायची, फुलं सगळ्यांची एकाच झाडाखालची असतात बाई, फरक पडतो तो धुण्यात.

तिचं धुणं एका दिवसात आटपायचं नाही. आधी मडक्यात कढत पाणी आणि चाळलेली राख, ती दिवसभर तशीच. दुसऱ्या दिवशी वाळल्या घोसाळ्याच्या जाळीनं आतून घासायचं. मडक्याच्या गळ्याखाली, जिथं हात वळत नाही, तिथंच आंबट दडून बसतं, म्हणून तिथं ती बोटं घालून चाचपत राहायची. साबण कुणाला लावू द्यायची नाही. माती साबण पिते आणि चुलीवर ओकते, असं तिचं म्हणणं. मग त्यात निव्वळ पाणी भरून, तोंड चिखलानं लिंपून, चुलीवर चढवायचं. वाफ बांबूच्या नळीतून जाऊ द्यायची. नळी दर वेळी नवी, त्याच दिवशी तोडलेली, कारण जुन्या नळीच्या पेरांत बुरशी धरते. नळीच्या तोंडाशी वाफेचं पाणी ठिबकायला लागलं की चार थेंब जिभेवर घ्यायचे. चव लागली तर पुन्हा राखेपासून सुरुवात. चव नसली तर मडकं उन्हात पालथं, आणि सगळ्यात शेवटी मुंग्या. मडक्याच्या तळाशी मोहाचं एक फूल टाकायचं आणि ते सावलीत आडवं करायचं. लाल मुंग्या आत शिरून फुलाला लागल्या की मडकं साफ. हे तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं.

वैशाखात तिचा नवरा रेंग्या गेला. छातीत कळ येते म्हणून खाटेवर बसला तो बसल्या जागीच. पुरलं, आणि बाराव्याच्या धारेसाठी चौथ्या दिवशी तिनं मोहाची फुलं भिजत घातली. त्यांच्या घराण्याची रीत तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, म्हणून सांगतो, कारण सगळं त्या रीतीवरच येऊन थांबतं. मयताच्या घरी बारा दिवस नवं मडकं चुलीवर चढत नाही. जुनं असताना ते टाकून नवं आणलं तर मेलेल्याला घराबाहेर काढल्यासारखं होतं. स्वतःच्या हातानं जुनं फोडणं तर त्याहून वाईट. घर बसलं, वंश संपला, तरच तसं करतात. फक्त एकच सवलत. मडकं दुसऱ्या कुणाच्या हातून फुटलं, तर नवं चालतं.

सहाव्या दिवशी तुमची गाडी आली.

चौघं उतरले. ओसरीत आंबत ठेवलेलं मडकं त्यांना शोधावंही लागलं नाही, सोनीबाईनं ते लपवलंच नव्हतं. घरात मयत आहे, बाराव्याला लागणार आहे, असं तिनं सांगितलं. एकानं नाव-गाव लिहून घेतलं. दुसऱ्यानं गाडीतून पाच लिटरचा पांढरा डबा आणला. डब्यावरचा कागद खरवडून काढलेला होता, त्याचे चिकट पट्टे तेवढे राहिले होते. तो झाकण काढतोय हे पाहिल्यावर तिच्या ध्यानात आलं, की ही माणसं या वेळी मडकं फोडणार नाहीत, त्यात काहीतरी ओतणार आहेत. ती उठली आणि मध्ये उभी राहिली. मावची बोली बोलणारी बाई, मराठीतलं तुम्ही-आपण तिला जमत नाही, साहेबालाही तू म्हणते.

"फोड ना दादा," ती म्हणाली. "फोडून जा. मी काही बोलणार नाही."

डबेवाला हसला. "फोडलं की बाजारातून दुसरं आणशील. दर वेळी तेच. आता बस धूत."

पिवळट, पाण्यासारखं पातळ असं काहीतरी त्यानं आंबलेल्या फुलांवर ओतलं. बुडबुडे आले आणि बसले. ती पुन्हा म्हणाली फोड. तिसऱ्यांदाही म्हणाली. शेजारची कौसाबाई कुंपणाशी उभी होती, तिनं ऐकलं. डबेवाल्यानं झाकण घट्ट केलं, डबा गाडीत ठेवला, आणि गाडी पुढच्या पाड्याकडं गेली. डब्यात अजून बरंच शिल्लक होतं.

सोनीबाईनं ते सडकं रसायन, म्हणजे आंबलेली फुलं आणि त्यांचं पाणी, गुरांच्या वाटेपासून लांब खड्डा खणून त्यात ओतलं आणि वर माती ढकलली. दुसऱ्या फुलांची सोय झाली. भिजवायला पातेलं कुणाचंही चालतं, कौसाबाईनं तिचं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं दिलं. पण चुलीवर चढणारं मडकं घरचंच लागणार होतं, आणि ते शाबूत होतं. मग ती धुवायला बसली.

चार दिवस धूत होती. राखेचं पाणी तीनदा बदललं. घोसाळ्याची जाळी झिजून धागे निघाले, तेव्हा दुसरी घेतली. बोटांची टोकं पांढरी पडली आणि त्यांची सालं निघायला लागली. तिला वाटलं राखेनं असेल. रूपचंद, रेंग्याचा धाकटा भाऊ, बारडोलीकडं ऊसतोडीला असायचा, तो मयतीसाठी आलेला. दारातल्या सागाला टेकून बिडी ओढत तो तिच्याकडं पाहत बसायचा. दोघांचं बोलणं पहिल्यापासून असंच, एकानं टोचायचं आणि दुसऱ्यानं परत टोचायचं.

"भाभी, मडकं धुतेस का नवरदेव न्हाऊ घालतेस?"

"तुला कधी असं कुणी न्हाऊ घातलं नाही म्हणून जळतोस."

"मला घातलं असतं तर मी एवढा काळा राहिलो नसतो."

नवरा गेल्यापासून पहिल्यांदा ती तेव्हा हसली. हे तिनं स्वतःच पुढं दवाखान्यात सांगितलं, आणि सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

वास गेला होता. दहाव्या दिवशी तिनं मडक्यात पाणी भरून चुलीवर चढवलं, नळीतून वाफ निघाली, थेंब पडायला लागले. आता जिभेवर घ्यायची वेळ. पण बाराव्याची धार पडेपर्यंत त्या मडक्यातलं काहीही धार पाळणाऱ्या कुणीच तोंडात घ्यायचं नसतं, मग ते पाणी का असेना. तिनं कौसाबाईला विचारलं, तू बघशील का. कौसाबाईनं बाप्तिस्मा घेताना मोहाच्या मडक्याला तोंड लावणार नाही असं वचन दिलेलं. ती म्हणाली, पाणीच आहे गं, पण मडकं तेच ना. सोनीबाईनं आग्रह धरला नाही. एकाची रीत आडवी आली, तशी दुसऱ्याचीही आली. जिभेचं काम राहून गेलं.

मग राहिल्या मुंग्या. तिनं मडकं सावलीत आडवं केलं, आत फूल टाकलं. दुपारपर्यंत लाल मुंग्यांची रांग आत गेली आणि फुलाचे तुकडे घेऊन बाहेर आली. एकही मेली नाही. तिनं रूपचंदला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, मुंग्यांनी पास केलं भाभी, आता मास्तर काय म्हणणार.

इथं ती चुकली. ते ती नाकारत नाही, आणि तिच्या बाजूनं बोलणाऱ्यानंही नाकारू नये. मुंग्या थंड मडक्यात चालल्या. वरची माती धुतली गेली होती. आतल्या मातीनं जे पिऊन ठेवलं होतं ते मुंग्यांच्या पायांना लागलं नाही, ते दोन दिवसांनी मडकं तापल्यावर बाहेर आलं. साबणाचं तिला ठाऊक होतं, डब्यातल्याचं नव्हतं. साबणाचा वास मडक्यात टिकतो, डब्यातल्याचा टिकला नाही.

बाराव्या दिवशी सकाळी दारू निघाली. चांगली, स्वच्छ, पाण्यासारखी. मोहाचा वास एवढा दाट होता की त्याखाली आणखी काही असलंच तर ते कळण्यासारखं नव्हतं. अंगणात माणसं बसली. रूपचंदनं द्रोण हातात घेतला, धार सोडली, भावाचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, आज्याचं घेतलं. पहिला पेला मयताच्या भावाचा. तो संपवून तो सगळ्यांना घ्या म्हणतो, तोवर दुसऱ्या कुणी ओठाला लावायचं नाही. या रीतीनं तीस माणसं वाचली आणि एक गेला. त्यानं पेला एका दमात संपवला, तोंड वाकडं केलं, आणि सोनीबाईकडं बघून म्हणाला, "भाभी, घसा सोलला गं." लोकांना वाटलं नेहमीची थट्टा. दोघंतिघं हसलेही. मग तो घ्या म्हणायच्या ऐवजी कुंपणाला धरून ओकायला लागला.

सोनीबाईनं उरलेली सगळी दारू तिथंच लवंडली. कुणाला एक थेंब घेऊ दिला नाही. पाड्यातल्या ललितची प्रवासी जीप रस्त्याला उभी होती, तीत रूपचंदला आडवा घातला आणि मिशनच्या दवाखान्यात नेला. तिथं सोनीबाईच्या बहिणीची मुलगी प्रिस्किला नर्स आहे. तिनंच सुई लावली, तिनंच डॉक्टर दानियलना बोलावलं. डॉक्टरांनी रूपचंदचे डोळे पाहिले, तोंडातली सालं पाहिली, लघवी पाहिली आणि काय प्यायला ते विचारलं. सोनीबाईनं काही लपवलं नाही. मडकं, डबा, चार माणसं, सगळं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, असं करणारी तीन-चार विषं आहेत. प्रत्येकाचं औषध निराळं. एकाचं दुसऱ्याला दिलं तर श्वासच बंद पडेल. डब्यात काय होतं ते कळलं तर आत्ता, या घटकेला काहीतरी करता येईल. रक्त तपासायला बाहेर पाठवतो, पण त्याला दिवस लागतील, आणि याच्याकडं दिवस नाहीत. त्यांनी स्वतः तुमच्या कार्यालयात फोन केला. लेखी अर्ज करा, असं उत्तर मिळालं. डॉक्टरांनी अर्ज लिहून मोबाईलवर पाठवला. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपचंदची लघवी थांबली. तो शुद्धीवर होता, पण त्याला दिसत नव्हतं. प्रिस्किलानं मावशीला व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं, "मावशी, नाव आण. कागद नको, शिक्का नको. नुसतं नाव."

सोनीबाई ललितच्या जीपनं पाड्यावर गेली, मडकं फडक्यात बांधून डोक्यावर घेतलं आणि दहा वाजता तुमच्या दारात उभी राहिली.

समोर बन्सीलाल नावाचे कारकून होते. वाईट माणूस नाही. तिला पाणी दिलं, बस म्हणाले. तारीख विचारली, रजिस्टर उघडलं, बोट फिरवत आले आणि थांबले. मग त्यांनी मडक्याकडं पाहिलं. पुन्हा रजिस्टरकडं पाहिलं.

"बाई, हाई मडकं तं फुटेल शे," ते अहिराणीत म्हणाले, म्हणजे हे तर फुटलेलं आहे. "कागदवर पंचसनी सही शे. जागेवर फोडं, रसायन जमीनवर वतं."

तिनं मडक्यावर बोटं वाजवून दाखवली. न फुटलेल्या मडक्याचा आवाज कसा येतो ते तुम्हाला माहीत आहे.

बन्सीलालनी मान खाली घातली. "डबानं माले ठाऊक नही. साहेबले इचार."

साहेब आले. त्यांनी उभ्यानंच ऐकून घेतलं. त्यांची मराठी फार चांगली होती. आमच्या पथकाकडे डबा वगैरे काही नसतो, असं ते म्हणाले. मग विचारलं, छाप्यानंतर पुन्हा दारू कुणी काढली?

"मी," सोनीबाई म्हणाली.

"म्हणजे तो वेगळा गुन्हा झाला, बाई. तुम्हीच कबूल करताय."

"लिही," ती म्हणाली. "तुझ्या वहीत लिही, मी अंगठा देते. आधी डब्यात काय होतं ते सांग. माझा दीर मरतोय."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलंच नाही. ते मडक्याकडं पाहत होते. फुटलेलं म्हणून ज्यावर दोन पंचांच्या सह्या होत्या ते मडकं त्यांच्या कार्यालयाच्या फरशीवर अखंड उभं होतं. डबा कबूल करायचा तर आधी हे मडकं कबूल करावं लागणार होतं. एका माणसाचा जीव एकीकडं आणि एक खोटी ओळ दुसरीकडं, आणि तुमच्या साहेबांना निवडायला फार वेळ लागला नाही. ते म्हणाले, "मुद्देमाल आहे हा. जमा करून घ्या."

एक जण मडकं उचलून मागच्या दारानं घेऊन गेला. सोनीबाई त्याच्यामागं धावली, पण दारात दुसरा उभा होता. तिला आवाज ऐकू आला. एकदाच आला.

तिला मागं जाऊ दिलं तेव्हा भिंतीशी खापरं पडली होती आणि तो माणूस हात झटकत होता. तळहाताएवढं एक खापर तिनं पदरात घेतलं. कुणी अडवलं नाही. खापर म्हणजे फुटलेलं मडकं, ते तुमच्या कागदाशी जुळत होतं. बाहेर येताना ती बन्सीलालच्या टेबलाशी थांबली. रजिस्टर अजून उघडं होतं. तिला वाचता येत नाही, पण रांगोळीचे ठिपके मोजणाऱ्या बाईला सारखं काय आणि वेगळं काय ते कळतं. तिच्या नावाची ओळ त्यांनी मघाशी बोटानं दाखवली होती. तिच्या ओळीसारख्याच, नाव-गाव सोडलं तर अक्षर न् अक्षर तशाच, त्या पानावर आणखी सहा ओळी होत्या.

तिनं त्या ओळींवर बोट ठेवलं. "हे पण त्याच दिवशीचे?"

बन्सीलालनी रजिस्टर मिटलं. पण मिटण्याआधी त्यांनी होकाराची मान हलवली, आणि ते तिनं पाहिलं.

रूपचंद दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. शेवटी त्यानं विचारलं, बाकी कुणी प्यायलं का. नाही म्हटल्यावर बरं म्हणाला. डॉक्टर दानियलनी खापर सीलबंद करून तपासायला पाठवलं आहे. ते कुठल्या टेबलावर पडलंय ते कुणी सांगत नाही. पेपरात चार ओळी आल्या, विषारी गावठी दारूनं एकाचा मृत्यू, महिलेवर गुन्हा दाखल. सोनीबाई जामिनावर आहे. कौसाबाई तिच्याशी बोलते, पण डोळ्याला डोळा देत नाही, आणि सोनीबाई तिला काही विचारत नाही.

दर मंगळवारी ती तुमच्या फाटकाशी येऊन बसते. तुम्ही काचेआडून तिला पाहता. भरपाई मागायला आली असेल, असं तुमच्यातला एक जण म्हणाला, ते ऐकलं आम्ही. तिला भरपाई नको. डब्याचं नावही आता रूपचंदच्या कामाचं नाही.

त्या सहा ओळी सहा पाड्यांच्या आहेत, आणि तिथली मडकीही कागदावरच फुटली असणार. तिथल्या सहा बायका त्या दिवसापासून मडकी धूत असतील. राखेनं, घोसाळ्याच्या जाळीनं, नीट, मन लावून, जशी आमच्यात धुतात तशी. वास गेला की त्यांनाही वाटेल की मडकं साफ झालं. आता लग्नं आहेत, मग पेरण्या. प्रत्येक घरी धार पडणार आणि पहिला पेला कुणीतरी उचलणार. सोनीबाई चार पाडे पायी फिरून आली, सांगून आली, पण डोंगरात शंभर पाडे आहेत, आणि कुठले सहा ते तुमच्या वहीत आहे.

गावांची नावं सांगा. सहाच नावं आहेत. आज सांगा, आत्ता सांगा. कुठं कुठं ओतलंत?